वैद्यकीय इच्छापत्र आणि कुटुंब

वैद्यकीय इच्छापत्र : असाध्य आजारात बोलण्या-ठरवण्याची शक्ती उरली नाही तर कोणते उपचार नकोत, कोणते थांबवावेत, हे सज्ञान व्यक्तीने शुद्धीत असताना लिहून ठेवलेले पत्र, प्रचारात ‘लिव्हिंग विल’. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात त्याला मान्यता दिली.

आपल्याकडे वृद्धांच्या अखेरच्या उपचारांचा निर्णय बहुधा अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर होतो. डॉक्टर मुलाशी बोलतात, संमतिपत्रावर सही जावयाची होते, आणि ‘आईला काही सांगू नका’ असे आधीच बजावलेले असते. महिनोन्‌महिने उशाशी बसलेल्या मुलीला किंवा सुनेला आता आईचे हाल बघवत नाहीत. परदेशातला मुलगा विमानतळावरून थेट येतो आणि ‘व्हेंटिलेटर लावा, काय लागेल ते करा’ म्हणतो. त्यात माया असते, जवळ नसल्याची टोचणी असते, चार लोक काय म्हणतील ही धास्तीही असते. खर्च झेपेनासा झाला की स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज घेऊन रुग्णाला घरी नेतात. आईला काय हवे होते, हे दोन्ही वेळा विचारायचेच राहून जाते.

रुग्णाच्या वतीने बोलायचे कोणी, हा प्रश्न न्यायालयापुढेही आला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३च्या हल्ल्यानंतर २०१५मध्ये मृत्यू येईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना अन्न देणे थांबवावे, ही पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका ७ मार्च २०११ रोजी फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क वर्षानुवर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला. सेवेला असे वजन मिळाले, हे या निकालाचे मोठे देणे आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जानेवारी २०२३च्या आदेशाने इच्छापत्राची पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. पत्रात एकाहून अधिक पालक वा जवळचे नातेवाईक नेमता येतात. उपचार थांबवण्याआधी तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे मत देतात. तरीही रुग्ण बोलू शकत नसेल, तर नेमलेल्यांची संमती घ्यावीच लागते. पत्र नसेल तर जवळच्या नातेवाइकांची. मंडळाने नकार दिल्यास उच्च न्यायालयात जाता येते.

म्हणून नाव निवडताना वडीलकीचा मान पाहू नये. ऐनवेळी भावंडांचा राग सोसून आपला शब्द पाळील, अशी व्यक्ती नेमावी, तिच्याशी आणि घरातल्या बाकीच्यांशीही आधी बोलावे. पत्राची प्रत नेमलेल्या व्यक्तींना, घरच्या डॉक्टरांना आणि महापालिकेच्या वा स्थानिक संस्थेच्या नियुक्त अधिकाऱ्याला द्यावी. पत्र केव्हाही लेखी रद्द करता येते.