अग्निशामक आणि ‘कामगार’ ही संज्ञा : महाराष्ट्रातील कामगार चळवळीतील एक दुर्लक्षित प्रकरण

माळशिरस तालुक्यात ‘कामगार’ म्हटले की साखर कामगार डोळ्यांपुढे येतो. माळीनगरचा कारखाना १९३० च्या दशकात उभा राहिला. पुढे अकलूजजवळ यशवंतनगरला सहकारी कारखाना झाला. या मंडळींच्या मागण्या मान्य होवोत वा न होवोत, ती कामगार आहेत याविषयी कोणी शंका घेतली नाही. सोलापूरच्या गिरणी कामगारांचेही तसेच. अग्निशामकाच्या बाबतीत मात्र तो कामगार की गणवेशातील शिपाई, हाच प्रश्न आधी सोडवावा लागला. कामगार चळवळीतील त्याचे स्थान संपांच्या इतिहासापेक्षा या प्रश्नाच्या इतिहासात शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रश्नाचे मूळ प्रशासनाच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईतील आग विझविण्याचे काम पोलिसांच्या अखत्यारीत होते; १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमानंतर ते पालिकेकडे स्थिरावले. ही बाब वरकरणी किरकोळ वाटते, परंतु तिचे परिणाम दूरगामी ठरले. गणवेश, कवायत, हुद्दे आणि आज्ञापालन ही पोलिसी चौकट दलात कायम राहिली. वेतन मात्र पालिकेच्या तिजोरीतून, झाडूवाला आणि पाणीपुरवठा कर्मचारी यांच्याबरोबरीने मिळू लागले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट होऊन मुंबई दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. हौतात्म्याच्या या गौरवात वेतनाचा व कामाच्या तासांचा प्रश्न झाकला जातो, हेही नमूद केले पाहिजे.

निर्णायक वळण नागपूरला आले. नागपूर महापालिका आणि तिचे कर्मचारी यांच्यातील वाद औद्योगिक न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. पालिका हा ‘उद्योग’ नव्हेच, अशी महापालिकेची भूमिका होती. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी १९६० च्या निकालपत्रात पालिकेचा एकेक विभाग तपासला. कायदे करणे, न्यायदान आणि कायदा-सुव्यवस्था ही राज्यसंस्थेची अविभाज्य कार्ये वगळून, खासगी व्यक्तीलाही करता येण्याजोग्या सेवा उद्योगाच्या व्याख्येत बसतात, असा निकष त्यांनी लावला. या निकषावर अग्निशमन विभाग उद्योग ठरला. याचाच अर्थ, बंब चालविणारा जवान सार्वभौम सत्तेचा अंश नसून सेवा देणारा श्रमिक आहे, हे मान्य झाले. बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात १९७८ साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी उद्योगाची व्याख्या याहून व्यापक केली. नागपूरचा निकाल हा त्या वाटेवरील महत्त्वाचा टप्पा होय.

हे यश किती मोलाचे, ते तुलनेने स्पष्ट होते. संघटना-स्वातंत्र्याविषयीच्या १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारात केवळ सैन्य व पोलीस यांच्याबाबत अपवादाची मुभा आहे. जपानने १९६५ मध्ये त्या कराराला अनुसमर्थन दिले, पण अग्निशामक पोलिसांतच मोडतात असा अर्थ लावून त्यांना संघटनेचा हक्क नाकारला. भारताने त्या करारास अनुसमर्थन दिलेले नाही. तरीही येथे १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटनांवर निर्बंध आले, तेव्हा पालिकांचे अग्निशामक त्यातून बाहेर राहिले.

ब्रिटनमध्ये अग्निशामकांची स्वतंत्र संघटना १९१८ पासून आहे. तिने नोव्हेंबर १९७७ ते जानेवारी १९७८ असा देशव्यापी संप करून मजूर सरकारच्या वेतनमर्यादेलाच आव्हान दिले. महाराष्ट्रात असे स्वतंत्र बळ क्वचितच दिसते. येथील अग्निशामक बहुधा पालिका कामगारांच्या सर्वसाधारण संघटनांतूनच पुढे आला. त्यामुळे त्याचे वेगळे प्रश्न मागे पडले, तथापि सफाई कामगाराशी त्याची एकजूट टिकली. माझ्या मते ही एकजूट अधिक मोलाची होती.

कामगार ठरल्याने संपाचा हक्क मात्र निर्वेध झाला नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत अग्निशमन सेवेचा समावेश होता. शासनाने अधिसूचना काढून ती सार्वजनिक उपयोगिता सेवा घोषित केली की पूर्वसूचना देऊन १४ दिवस थांबल्याखेरीज संप बेकायदा ठरे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने पूर्वसूचनेची ही अट सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू केली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अमलात आली. एके काळी बंबवाल्यासारख्या मोजक्या सेवकांपुरते असलेले बंधन आता कारखान्यातील कामगारावरही आले आहे.