एलईडी पट्टी लुकलुकते? नवी आणण्याआधी हे तपासा

गणपतीची आरास असो, नवरात्राचा मंडप असो की नव्या घराचं पीओपी, एलईडी पट्टीशिवाय आता काम होत नाही. पण लावल्यावर काही दिवसांतच ती लुकलुकायला लागते, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. मग ‘चायना माल’ म्हणून पट्टी काढून टाकतात आणि बाजारातून दुसरी आणतात. तीही आठवड्यात तशीच उघडझाप करते. कारण बऱ्याच वेळा दोष पट्टीत नसतोच. तो ॲडॉप्टरमध्ये, जोडात, बारीक वायरमध्ये किंवा थेट घराच्या लाईन सप्लायमध्ये असतो. यातला शेवटचा दोष जीवावर बेतू शकतो. म्हणून क्रमाने तपासणी कशी करायची, ते बघू.

पहिली तपासणी : नुसती पट्टी की सगळं घर?

पट्टी लुकलुकत असताना घरातले बाकीचे दिवे आणि पंखा बघा.

बाकी सगळं व्यवस्थित असेल तर दोष पट्टीच्या बाजूला आहे. पुढचे मुद्दे वाचा.

संध्याकाळी गावात लोड आला, शेजारची मोटार किंवा पिठाची गिरणी सुरू झाली, की तेवढ्यापुरती पट्टी डिम होते आणि पंखाही मंदावतो, असं असेल तर व्होल्टेज कमी पडतंय. पट्टी बदलून उपयोग नाही.

पण घरातले दिवे कधी एकदम लख्ख, कधी मिणमिणते होत असतील, किंवा आपल्याकडे डिम आणि त्याच वेळी शेजाऱ्याकडे नेहमीपेक्षा जास्त उजेड असेल, तर डीपीकडून येणाऱ्या लाईनचा न्यूट्रल ढिला झाल्याची किंवा तुटल्याची शक्यता मोठी. अशा वेळी २३० व्होल्टच्या जागी ३०० च्या वर, अगदी ४०० च्या जवळपासही व्होल्टेज घरात येऊ शकतं. टीव्ही, फ्रीज, चार्जर जळतात, आगही लागू शकते. ताबडतोब मेन स्विच बंद करा, शेजारच्या घरांनाही सांगा आणि १९१२ या टोल फ्री नंबरवर किंवा गावच्या वायरमनला कळवा. स्वतः पोलवर चढू नका, डीपीला हात लावू नका.

आपली पट्टी कोणती?

बाजारात मुख्य दोन प्रकार मिळतात.

१) ॲडॉप्टरवाली पट्टी : ही १२ व्होल्टवर चालते (काही २४ व्होल्टच्याही असतात). पातळ असते, मागे चिकटपट्टी असते आणि ५ मीटरच्या गुंडाळीत मिळते. १२ व्होल्टची पट्टी सहसा दर ३ एलईडीनंतर खुणेवर कापता येते.

२) डायरेक्ट पट्टी : ही जाड प्लॅस्टिकच्या नळीत असते आणि प्लग थेट २३० व्होल्टच्या बोर्डात लागतो. ती साधारण दर १ मीटरवर कापायची असते.

पहिल्या पट्टीला हात लागला तर धक्का बसत नाही. दुसरीत मात्र पूर्ण लाईनचा करंट असतो. तिचं कोणतंही काम प्लग बोर्डातून काढूनच करायचं. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

ॲडॉप्टर कमी ताकदीचा

हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण. पट्टी ठरावीक लयीत चालू-बंद होते आणि ॲडॉप्टर हाताला चटका बसेल इतका तापतो. म्हणजे त्याच्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त भार आहे.

हिशोब सोपा आहे. पट्टीच्या पाकिटावर एका मीटरचे वॅट दिलेले असतात. त्याला लांबीने गुणा आणि १२ ने भागा. मीटरला ४.८ वॅटची बारीक पट्टी ५ मीटर असेल तर २४ वॅट, म्हणजे २ अँपिअर. मीटरला १४.४ वॅटची भारी पट्टी ५ मीटर असेल तर ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर. ॲडॉप्टर यापेक्षा २० ते २५ टक्के मोठा घ्यावा. पहिलीला अडीच-तीन अँपिअरचा, दुसरीला साडेसात-आठ अँपिअरचा. भारी पट्टीला २ अँपिअरचा ॲडॉप्टर लावला की ती लुकलुकणारच.

खात्री करायची असेल तर ॲडॉप्टर बंद करून अर्धी पट्टी सोडवा आणि पुन्हा चालू करा. लुकलुकणं थांबलं तर ॲडॉप्टर कमी पडतोय. तरीही थांबलं नाही, तर त्याच व्होल्टचा दुसरा चांगला ॲडॉप्टर लावून बघा. जुन्या ॲडॉप्टरमधला कपॅसिटर कमजोर झाला की असंच होतं. ॲडॉप्टर खोलून दुरुस्त करत बसू नका. प्लग काढल्यावरही त्यात काही वेळ करंट साठून राहतो.

शेवटचं टोक डिम

ठिबकची नळी प्रमाणाबाहेर लांबवली की शेवटच्या ड्रिपरला दाब कमी मिळतो. १२ व्होल्टच्या पट्टीचं तसंच आहे. ५ मीटरच्या पुढे एकाला एक पट्टी जोडत गेलं की शेवटी उजेड कमी होतो. रंगीत पट्टीवर पांढरा रंग लावला तर शेवट लालसर दिसतो, कारण निळ्या आणि हिरव्या एलईडीला लाल एलईडीपेक्षा जास्त व्होल्ट लागतात.

उपाय असा : प्रत्येक ५ मीटरच्या पट्टीला ॲडॉप्टरपासून स्वतंत्र वायर आणा. ॲडॉप्टर मात्र सगळ्यांची बेरीज झेपेल असाच हवा.

ॲडॉप्टर ते पट्टी ही वायरही बघा. ६ अँपिअरचा भार असेल आणि अर्ध्या एमएमची वायर ५ मीटर ओढली, तर १२ पैकी दोनाहून जास्त व्होल्ट वायरीतच जातात. दीड एमएमची वायर घातली तर हेच नुकसान एक व्होल्टच्या आत राहतं. शक्यतो ॲडॉप्टर पट्टीच्या जवळच ठेवा.

जोड ढिला

पट्टी हलवली, दाबली की लुकलुकणं बदलत असेल तर जोड ढिला आहे. हे बोटाने दाबून बघणं फक्त १२ व्होल्टच्या पट्टीला. क्लिपचे कनेक्टर थोड्या दिवसांत सैल होतात, दमट हवेत त्यांच्यावर हिरवट गंज चढतो. क्लिप काढून सोल्डर मारून घेतलेला जोड टिकतो. तीनच एलईडी लुकलुकत असतील तर तेवढा तुकडा खुणेवर कापून पुढची पट्टी सोल्डरने जोडता येते. पट्टी काटकोनात मोडू नका, आतला तांब्याचा पत्रा तुटतो.

डायरेक्ट पट्टीत प्लगच्या वायरीच्या दोन पिना पट्टीत खुपसलेल्या असतात. त्या तिरक्या बसल्या की पट्टी उघडझाप करते. प्लग काढा, पिना सरळ करून पुन्हा घट्ट बसवा. कापलेल्या टोकाला प्लॅस्टिकची टोपी हवीच. उघड्या टोकातून पावसाचं पाणी आत गेलं तर लुकलुकणं तर होतंच, पण ओल्या लोखंडी मंडपात करंटही उतरू शकतो. तिथे नुसत्या टेपवर भागवू नका. मंडपाच्या कनेक्शनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या.

इतर छोटी कारणं

रिमोट : रंगीत पट्टी बऱ्याच वेळा बिघडलेली नसते, तर फ्लॅश किंवा म्युझिक मोडवर गेलेली असते. रिमोटवर साधा एकच रंग दाबा. तरीही लुकलुकली तर कंट्रोलर बाजूला ठेवून तपासा.

डिमर : पंख्याच्या रेग्युलेटरवर किंवा जुन्या बल्बच्या डिमरवर पट्टी लावू नका.

इन्व्हर्टर : लाईट गेल्यावरच पट्टी लुकलुकत असेल तर स्वस्तातला चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर कारण असू शकतो.

बंद केल्यावरही मंद उजेड : बटणाशेजारच्या लाल इंडिकेटरमुळे असं होऊ शकतं. पण बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असेल तरीही असंच होतं, आणि तेव्हा बटण बंद असताना पट्टीत करंट राहतो. वायरमनकडून तपासून घ्या.

फक्त मोबाईलच्या व्हिडिओत पट्टे दिसतात : डोळ्याला उजेड स्थिर दिसत असेल तर हा बिघाड नाही. स्वस्त डायरेक्ट पट्टी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते, ते डोळ्याला कळत नाही पण कॅमेरा पकडतो. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर ५० हर्ट्झ निवडा. आरतीचं शूटिंग करायचं असेल तर ॲडॉप्टरवाली पट्टी बरी.

थोडक्यात क्रम

१. आधी घरातले इतर दिवे आणि पंखा बघा.
२. पट्टी १२ व्होल्टची की डायरेक्ट, ते ओळखा.
३. ॲडॉप्टरच्या अँपिअरचा हिशोब करा.
४. लांबी आणि वायरची जाडी तपासा.
५. जोड, पिना, टोपी बघा.
६. जळका वास, वितळलेला प्लग, ठिणगी किंवा ‘चर्र’ आवाज आला तर तपासणी तिथेच थांबवा, मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

पाचही गोष्टी बरोबर निघाल्या आणि तरीही पट्टी लुकलुकली, तर मात्र पट्टीच खराब आहे. मग खुशाल नवी आणा. आणताना दुकानदाराला व्होल्ट आणि मीटरचे वॅट विचारा आणि ॲडॉप्टर त्याच हिशोबाने घ्या.