दिनविशेष : ११ डिसेंबर
नागपूरकर भोसल्यांचा शेवटचा राजा

नागपूरचे तिसरे रघुजी राजे भोसले यांचे ११ डिसेंबर १८५३ रोजी निधन झाले. त्यांना औरस मुलगा नव्हता.

या घराण्याचा दरारा मोठा होता. ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब असलेल्या पहिल्या रघुजींनी बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि १७५१ च्या तहात तिथला नवाब अलीवर्दीखान याच्याकडून ओडिशा व सालिना १२ लाखांची चौथ मिळवली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर मात्र सत्ता इंग्रजांच्या मुठीत गेली.

राजाच्या निधनानंतर गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारला आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. सारा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला.

दुसऱ्या रघुजींच्या वृद्ध राणी बाकाबाई यांनी याला कडाडून विरोध केला. तरीही वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत कवडीमोलाने लिलावात निघाले; जडजवाहीर कलकत्त्याला विकले गेले. एका घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची दौलत अशी उघड्यावर लुटली गेली, हा उघड अन्याय होता.

पुढे घराण्याने दत्तक घेतलेल्या जानोजींना इंग्रजांनी ‘देऊरचे राजेबहादूर’ हा किताब दिला. राज्य मात्र परत मिळाले नाही.