औद्योगिक चिमण्या : जतन व पाडकाम

कारखान्यातील भट्टीचा व बाष्पित्राचा धूर उंचावर सोडण्यासाठी आणि भट्टीस पुरेशी हवा मिळावी म्हणून उभारलेले उंच धुराडे म्हणजे औद्योगिक चिमणी होय. चिमणीतील तप्त वायू बाहेरील हवेपेक्षा हलके असल्याने वर चढतात व त्यांच्या जागी भट्टीत ताजी हवा शिरते. हवेची ही ओढ चिमणीच्या उंचीबरोबर वाढते. त्यामुळे गिरण्यांची धुराडी परिसरातील सर्व इमारतींहून उंच बांधली जात. जुन्या चिमण्या विटांच्या व चुन्यात बांधलेल्या, तळाशी रुंद व माथ्याकडे निमुळत्या होत गेलेल्या आढळतात.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापिलेल्या कापडगिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्यानंतर ताडदेव, परळ, लालबाग, शिवडी, वरळी या भागांत वाफेवर चालणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या व त्यांच्या चिमण्या गिरणगावाची खूण बनल्या. धुराचा उपद्रव वाढल्याने १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात धूरनियंत्रणाचा कायदा करण्यात आला. १९१५ पासून टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्रातून गिरण्यांना वीज मिळू लागली आणि यंत्रे चालविण्यासाठी वाफेची गरज क्रमाने घटली. तथापि कांजी देणे, रंगविणे इ. प्रक्रियांना वाफ लागतच असल्याने चिमण्या निकामी झाल्या नाहीत.

ठाणे जिल्ह्यात रेल्वे व उद्योग यांचा संबंध विशेष निकटचा आहे. मुंबई व कुर्ला यांदरम्यान ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेवरील गाडी धावू लागली. वाढत्या विद्युतीकरणास वीज पुरविण्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने कोपर व डोंबिवलीपलीकडील ठाकुर्लीजवळ, चोळे येथे १९२९ मध्ये कोळशावर चालणारे वीजकेंद्र सुरू केले. कोळशासाठी रेल्वे आणि पाण्यासाठी उल्हास नदी, या दोन्ही सोयी तेथे होत्या. हे केंद्र पुढे बंद झाले. कल्याणजवळील मोहने येथील नॅशनल रेयॉनचा कारखानाही २००९ मध्ये बंद पडला. उद्योगाच्या आधाराने वाढलेली वस्ती टिकून राहते, मात्र मूळ उद्योग नाहीसा होतो, ही स्थिती या पट्ट्यात स्पष्टपणे दिसते.

मुंबईतील चिमण्यांच्या पाडकामास १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर वेग आला. या संपात सु. २,५०,००० कामगार सहभागी होते. अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत् चालू झाल्याच नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीची जमीन खुल्या जागा, सार्वजनिक गृहनिर्माण व मालक यांत विभागण्याची तरतूद केली. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित झाली व २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. जमिनीचे मोल चटईक्षेत्रावरून ठरू लागल्यावर चिमणीची बाजू दुबळी झाली. कारण ती जागा अडविते, परंतु विकता येईल असे क्षेत्र तिच्यात नसते.

पाडकामाच्या मुख्य पद्धती तीन आहेत : माथ्यापासून एकेक थर उतरविणे, बुंध्याची एक बाजू पोखरून चिमणी ठराविक दिशेस पाडणे आणि नियंत्रित स्फोट घडविणे. दाट वस्तीत पहिली पद्धत मंद असली, तरी सर्वांत सुरक्षित ठरते. सोलापूर येथील सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सु. ९० मी. उंचीची चिमणी विमानमार्गात अडथळा ठरत असल्याने १५ जून २०२३ रोजी नियंत्रित स्फोटाने पाडण्यात आली. ही चिमणी जुनी नव्हती. तरीही कारखान्याचे सभासद व कामगार यांनी तिच्या पाडकामास विरोध केला. चिमणी ही उपजीविकेची निशाणी मानली जाते, हे यावरून लक्षात येते.

जतनाचा प्रश्न प्रथमतः सुरक्षिततेचा आहे. धुरातील गंधकयुक्त वायू व समुद्रावरील खारी हवा यांनी सांध्यांतील चुना झिजतो, लोखंडी पट्टे गंजतात आणि पिंपळाची मुळे विटा फोडतात. अशा चिमणीची दुरुस्ती सिमेंटऐवजी चुन्याने करणे, वीजवाहक बसविणे आणि तिचा कल वेळोवेळी मोजणे आवश्यक असते. लंडन येथील बॅटरसी वीजकेंद्राच्या चारही चिमण्या जीर्ण झाल्याने उतरवून २०१४ ते २०१७ या काळात पुन्हा मूळ रूपात बांधण्यात आल्या. औद्योगिक वारशाविषयीच्या २००३ च्या निझनी तागिल सनदेत इमारती व यंत्रे यांबरोबरच कामगारांचे जीवन व कौशल्ये यांनाही महत्त्व देण्यात आले आहे.

मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. लोअर परळ येथील फिनिक्स गिरणीची चिमणी तेथील व्यापारी संकुलात राखलेली आहे. परंतु गिरणी, भोंगा, चाळ व कामगार हे सर्व गेल्यावर उरलेले धुराडे केवळ शोभेची वस्तू होण्याचा संभव असतो. गिरणी कामगारांनी दीर्घकाळ घराची मागणी केली. स्मारकाची मागणी त्यानंतरची होय. म्हणून चिमणीच्या जतनाचा विचार कामगारांच्या पुनर्वसनापासून तोडता येत नाही. प्रत्येक चिमणी राखणे शक्य नाही. मात्र पाडण्यापूर्वी तिची मोजमापे, आराखडे, छायाचित्रे व तेथे राबलेल्यांच्या आठवणी नोंदविणे शक्य असते. अशी नोंद झाली नाही, तर चिमणीबरोबर तिच्याखाली घडलेल्या श्रमाच्या इतिहासाचेही साधन नष्ट होते.