छोट्या चिपवरचे मॅट्रिक्स

उपग्रहाचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे कळण्यासाठी सूर्य कुठे आहे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कुठल्या दिशेला आहे, हे मोजावे लागते. त्या मोजमापांवरून उपग्रह किती वळला आहे ते सांगणारे 3×3 चे मॅट्रिक्स काढतात. ग्रेस वाहबा यांनी 1965 मध्ये हा प्रश्न गणिताच्या रूपात मांडला. तो मायक्रोकंट्रोलरवर सोडवायचा, तर मॅट्रिक्सची लायब्ररी कोणती घ्यायची याचा निर्णय आधी करावा लागतो.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांचे दोन उपग्रह 2016 मध्ये अवकाशात गेले. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा सुमारे 1 किलो वजनाचा ‘स्वयम्’ 22 जूनला पीएसएलव्ही-सी34 ने सोडला गेला. त्यात कायमचुंबक आणि हिस्टेरेसिस सळया होत्या. चुंबक पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळून राहतो आणि सळया डोलणे शमवतात. अशा रचनेत दिशा राखण्यासाठी गणित लागतच नाही, म्हणजे लायब्ररीचा प्रश्नच मिटतो. हा पर्याय आधी तपासून पाहण्यासारखा आहे.

आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ 26 सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी35 ने गेला. काम 2007 पासून चालू होते, वजन सुमारे 10 किलो, आणि हेतू आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची मोजणी. त्याची दिशा सौरसंवेदक, चुंबकमापी आणि जीपीएसच्या आधारे ठरवायची आणि विद्युतचुंबकी वेटोळ्यांनी सुधारायची, अशी योजना होती. मुख्य संगणक होता एटीमेगा128 हा आठ बिटी मायक्रोकंट्रोलर.

या चिपमध्ये 128 केबी फ्लॅश आहे, पण रॅम अवघी 4 केबी. दशांश संख्यांसाठी वेगळे यंत्रण नाही. असा प्रत्येक गुणाकार सॉफ्टवेअरने करावा लागतो आणि त्याला शंभरावर क्लॉक सायकल जातात. 3×3 च्या दोन मॅट्रिक्सच्या गुणाकारात 27 गुणाकार आणि 18 बेरजा असतात. 16 मेगाहर्ट्झला हे काम मिलिसेकंदाच्या आत उरकते, त्यामुळे वेगाची फारशी अडचण नसते. अडचण जागेची आणि अचूकतेची. एक 3×3 मॅट्रिक्स 36 बाइट घेते, तर 10×10 चे एकच मॅट्रिक्स 400. मोजमापांतल्या चुका सावरून दिशेचा अंदाज बांधणाऱ्या कालमन फिल्टरला अशी अनेक लागतात. शिवाय त्या काळच्या एव्हीआर कंपायलरमध्ये ‘डबल’ म्हणून लिहिलेली संख्याही 32 बिटीच असे. मॅटलॅबमध्ये 64 बिटांवर नीट चाललेले सूत्र चिपवर साधारण सात अंकांपुरतेच खरे उरे, आणि कंपायलर त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. म्हणून अशा चिपसाठी ठरावीक आकाराची, मॅलॉक (चालू प्रोग्राममध्ये मेमरी मागणारे फंक्शन) न वापरणारी साधी फंक्शने हाताने लिहिणे हाच बहुधा शहाणपणाचा मार्ग होता.

चित्र बदलले ते एआरएमच्या कॉर्टेक्स-एम4 या प्रोसेसर गाभ्यामुळे. 2010 मध्ये आलेल्या या गाभ्यात दशांश गणिताचे यंत्रण घेण्याची सोय होती. एआरएमच्या सीएमएसआयएस-डीएसपी लायब्ररीत मॅट्रिक्सची फंक्शनेही आहेत. ती मेमरी स्वतः मागत नाहीत, जागा प्रोग्रामरनेच द्यायची. तिथे व्यस्त मॅट्रिक्स काढताना मूळ मॅट्रिक्स बदलते, तेव्हा ते पुढे लागणार असेल तर आधी प्रत काढून ठेवावी लागते. सी++ वापरणाऱ्यांसाठी आयगेन ही लायब्ररी आहे. आकार आधीच सांगितला की ती हीप (चालता चालता मागितली जाणारी मेमरी) टाळते आणि न जुळणारे आकार कंपाइल होतानाच पकडते. मात्र ती मॅट्रिक्स स्तंभांच्या क्रमाने साठवते आणि सीएमएसआयएस ओळींच्या, त्यामुळे दोन्ही एकत्र वापरताना हा क्रम जुळवून घ्यावा लागतो.