माळढोक अभयारण्य, नान्नज
सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील संरक्षित माळरान. मुख्य क्षेत्र सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नज येथे, सोलापूर शहरापासून सुमारे २० किमी. वनशास्त्रीय वर्गीकरणात हा पट्टा उष्णकटिबंधीय काटेरी वनात मोडतो. प्रत्यक्षात येथे कुसळी, पवन्या, मारवेल अशा गवतांचे राज्य असून बाभळी, बोरी, हिवर विरळ आहेत. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक आणि चंडोल हे येथले रहिवासी.

१९७० च्या दशकात सोलापूरचे पक्षिअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी येथल्या माळढोक पक्ष्यांकडे लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले. पुढच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (स्थापना १८८३) नान्नजला या पक्ष्याचा दीर्घ अभ्यास केला. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते. गुरांच्या खुरांनी, कुत्र्यांनी किंवा वर्दळीने ते गेले, तर बहुधा त्या मादीचा तो हंगाम वाया जातो. त्यामुळे विणीच्या काळात चराईला आळा आणि एरवी गवत राखणारी माफक चराई, असे व्यवस्थापन लागते. सरसकट बंदी नव्हे.

अभयारण्याची मूळ हद्द सुमारे ८,४९६ चौ. किमी होती आणि तीत गावे, शहरे व खासगी शेतजमिनी येत होत्या. ही चूक महागात पडली. जमिनीचे व्यवहार आणि बांधकामे अडल्याने शेतकऱ्याच्या मनात पक्ष्याविषयी राग साचला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. किमी करण्यात आले.

दुसरा घोळ वृक्षारोपणाचा. माळाची नोंद 'पडीक' म्हणून झाली की तेथे झाडे लावणे पुण्याचे ठरते. नान्नजच्या माळावर ग्लिरिसिडियासारखी परकी झाडे लावली गेली. माळढोकाला दूरवरचे दिसणारे मोकळे रान लागते. दाट लागवडीत तो टिकत नाही. गवताळ प्रदेश ही स्वतंत्र परिसंस्था आहे, पडीक जमीन नव्हे, हे पक्षितज्ज्ञ असद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातत्याने मांडले. योजना आयोगाच्या गवताळ प्रदेश व वाळवंटविषयक कृतिदलाच्या २००६ च्या अहवालात रहमानी यांचा सहभाग होता. केंद्राच्या माळढोक पुनरुज्जीवनाच्या मार्गदर्शक सूचनांतही बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थांच्या अभ्यासाचा वाटा आहे.

आणखी एक धोका वीजतारांचा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरच्या तारा त्याला वेळेवर दिसत नाहीत. वन्यजीव संवर्धक एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान-गुजरातेतील माळढोक अधिवासातल्या वीजवाहिन्या शक्य तेथे भूमिगत करण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये तो शिथिल करून हा प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला.

अलीकडे नान्नजला माळढोक क्वचितच दिसतो. तरीही उरलेले गवत राखलेच पाहिजे: लांडगा, काळवीट आणि मेंढपाळ यांचेही जगणे त्यावरच आहे.