निवडणारी नजर: कॉलेजच्या मैदानापासून लिलावापर्यंत मुंबईच्या क्रिकेटपटूंचा प्रवास

१/ एकाच लोकलजाळ्याच्या दोन टोकांवरचे दोन खेळाडू. बोरिवलीचा रोहित शर्मा शाळकरी वयात एका प्रशिक्षकाच्या नजरेस पडला आणि विशीच्या उंबरठ्यावर भारतीय संघात पोहोचला. मुलुंडचे प्रवीण तांबे याच शहरात वर्षानुवर्षे खेळत राहिले आणि आयपीएलमध्ये उतरले ते वयाच्या ४१ व्या वर्षी, एकही प्रथम श्रेणी सामना नावावर नसताना. खेळाडू ‘हेरण्याची’ ही पद्धत मुंबईत कशी घडली, याचा हा धागा.

२/ ‘ड्राफ्ट’ ही कल्पना मूळची अमेरिकेची. तेथील व्यावसायिक फुटबॉलमध्ये पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये झाला आणि बास्केटबॉलमध्ये १९४७ मध्ये. तत्त्व साधे होते. विद्यापीठांच्या संघांतून तयार झालेले खेळाडू व्यावसायिक संघांनी क्रमाने निवडायचे आणि मागील हंगामात दुबळ्या ठरलेल्या संघाला आधी संधी द्यायची. त्यामुळे कॉलेजचे मैदान हीच प्रयोगशाळा ठरली आणि तेथे वही घेऊन बसणारा ‘स्काउट’ हा स्वतंत्र पेशा झाला.

३/ मुंबईत असा ड्राफ्ट नव्हता. परंतु त्याचे काम करणारी व्यवस्था मात्र होती. शाळेत हॅरिस आणि गाइल्स शील्ड, कॉलेजात आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया करंडक (१९३५ पासून), पावसाळ्यात कांगा लीग (१९४८ पासून) आणि नोकरी लागल्यावर कार्यालयीन संघांची टाइम्स शील्ड. या पायऱ्यांवर प्रत्येक टप्प्याला कोणीतरी पाहणारे उभे असे: क्लबचा सचिव, जुना कसोटीपटू, वृत्तपत्राचा वार्ताहर किंवा एखाद्या कंपनीचा क्रिकेटप्रेमी अधिकारी.

४/ या साखळीत कॉलेजचे स्थान किती मोलाचे होते, ते अजित वाडेकरांच्या कथेतून दिसते. विज्ञान शाखेचा हा विद्यार्थी एल्फिन्स्टन कॉलेजला बसने जात असताना बाळू गुप्ते यांनी त्याला कॉलेज संघात बारावा खेळाडू म्हणून येण्यास सुचवले. मोबदला दिवसाला ३ रुपये. अभियंता होऊ पाहणारा मुलगा या ३ रुपयांपायी मैदानावर गेला आणि पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धेत दिल्ली विद्यापीठाविरुद्ध त्याने ३२४ धावांचा विक्रम केला.

५/ हा विक्रम मोडणारा खेळाडूही मुंबई विद्यापीठाचाच निघाला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या सुनील गावसकरने पुणे विद्यापीठाविरुद्ध ३२७ धावा केल्या. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर त्याची निवड झाली, तेव्हा प्रथम श्रेणी क्रिकेटचा त्याचा अनुभव तुटपुंजाच होता. त्या दौऱ्याचे कर्णधार होते वाडेकर. गावसकरने पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा केल्या. कॉलेजातील धावांवर टाकलेला विश्वास एवढ्या लवकर फळाला आल्याची उदाहरणे थोडी आहेत.

६/ याच वेळी निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट तरुणांना संधी देण्याचे धोरण राबवत होते. वाडेकरांचे कर्णधारपदही मर्चंट यांच्या निर्णायक मताने ठरले. म्हणजे तीन-चार व्यक्तींच्या नजरेवर सारा खेळ उभा होता. ती नजर अचूक ठरली की इतिहास घडे. ती दुसरीकडे वळलेली असली, तर मात्र खेळाडूला दाद मागायला जागा नव्हती.

७/ मग खेळाडूचे पोट कशावर चाले? उत्तर आहे कार्यालयीन क्रिकेट. वाडेकर स्टेट बँकेत, गावसकर निर्लॉनमध्ये, एकनाथ सोलकर व अशोक मांकड मफतलालमध्ये, दिलीप वेंगसरकर टाटांकडे. चांगला खेळणाऱ्या कॉलेजकुमाराला नोकरी देण्यासाठी कंपन्यांत चुरस असे. सरावाला सवलत, सामन्याला रजा, महिनाअखेर पगार. मुंबईचा खरा ‘ड्राफ्ट’ हाच होता. फरक एवढाच की त्यात करार तीन वर्षांचा नसून निवृत्तीपर्यंतचा होता.

८/ या व्यवस्थेचा गुण म्हणजे सबुरी. पंचविशीत न बहरलेला खेळाडू तिशीत बहरू शकत असे, कारण दरम्यानच्या काळात चूल पेटती राहण्याची हमी होती. तिचा दोष म्हणजे भूगोल. महत्त्वाची मैदाने दक्षिण मुंबईत आणि दादर-माटुंग्यात एकवटलेली. बोरिवली ते चर्चगेट हे सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर किटबॅग खांद्यावर घेऊन गर्दीच्या लोकलने कापणे, हीच उपनगरातील मुलाची पहिली निवडचाचणी होती.

९/ नव्वदच्या दशकानंतर ही इमारत खचू लागली. गिरण्या बंद पडल्या, बँकांची भरती आटली, खाजगी कंपन्यांनी क्रीडा विभागातून हळूहळू अंग काढून घेतले. त्याच सुमारास शहराची वस्ती उत्तरेकडे सरकली आणि तिच्याबरोबर क्रिकेटही. नवे खेळाडू बोरिवली, वसई-विरार, डोंबिवलीतून येऊ लागले. आता प्रश्न असा होता की पाहणारी नजर तेथवर पोहोचणार कशी?

१०/ बोरिवलीत ती पोहोचली एका शाळेच्या माध्यमातून. रोहित आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबा व काकांकडे राहत होता. १९९९ च्या सुमारास प्रशिक्षक दिनेश लाड यांनी एका सामन्यात या मुलाची ऑफस्पिन पाहिली आणि त्याला स्वामी विवेकानंद शाळेत येण्यास सांगितले. तेथील फी घराला झेपणारी नव्हती. लाड यांच्या प्रयत्नाने ती माफ झाली. फलंदाजी तर नंतर दिसली. तोवर हा मुलगा आठव्या क्रमांकावर खेळत होता.

११/ याच लाड यांनी पालघरच्या शार्दूल ठाकूरला स्वतःच्या घरी ठेवून घेतले, कारण पालघरहून रोज ये-जा करण्यात मुलाचा दिवस संपत असे. २०२२ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. स्काउटिंग म्हणजे केवळ गुण ओळखणे नव्हे, हे येथे स्पष्ट होते. गुण ओळखल्यानंतर फी, प्रवास आणि राहण्याची सोय यांचा भार कोण उचलणार, यावरच बहुतेक निवडींचे भवितव्य ठरते.

१२/ संघटित प्रयत्नही झाले. मुंबईचे क्रिकेट-पत्रकार मकरंद वायंगणकर यांच्या कल्पनेतून भारतीय क्रिकेट मंडळाने २००२ मध्ये गुणवत्ता-शोध विभाग उभारला. दिलीप वेंगसरकर त्याचे प्रमुख होते. माजी खेळाडूंनी छोट्या केंद्रांवर जाऊन सामने पाहायचे आणि अहवाल धाडायचे, अशी त्याची रीत होती. २००३ मध्ये जमशेदपूरहून प्रकाश पोद्दार यांनी महेंद्रसिंग धोनीची शिफारस केली, ती याच विभागाकडे.

१३/ २००८ मध्ये मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला आणि शहराने खेळाडूची किंमत जाहीरपणे बोलली जाताना प्रथमच ऐकली. बोरिवलीच्या रोहितला डेक्कन चार्जर्सने साडेसात लाख डॉलर्सना घेतले. त्यानंतर महिनाभरातच १९ वर्षांखालील खेळाडूंसाठी लिलाव नव्हे, तर ठरावीक मोबदल्यावर खरोखरीचा ड्राफ्ट झाला. अमेरिकी पद्धत भारतीय क्रिकेटमध्ये आली ती अशी.

१४/ त्या ड्राफ्टमध्ये नुकताच विश्वचषक जिंकलेला युवा कर्णधार विराट कोहली उपलब्ध होता. त्याच्या घरच्या संघाने, दिल्लीने, डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान निवडला. सेहवाग, गंभीर असे फलंदाज दिल्लीकडे होतेच. उणीव गोलंदाजाची होती. कोहली बंगळूरकडे गेला. मुंबईने मनीष पांडेला घेतले. दिल्लीचा तर्क चुकीचा नव्हता. तो फक्त त्या हंगामापुरता होता.

१५/ बास्केटबॉलमध्ये हेच १९८४ साली घडले होते. पोर्टलँडकडे क्लाइड ड्रेक्सलर होता, म्हणून त्यांनी त्याच जागेवर खेळणारा मायकेल जॉर्डन न घेता उंचापुरा सेंटर सॅम बोवी निवडला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा जॉर्डन तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मिळाला. ‘आपल्याला काय हवे’ आणि ‘समोर कोण आहे’ या दोन प्रश्नांत पहिला वरचढ ठरला की निवडणारा हमखास फसतो.

१६/ मुंबईने याची सर्वांत कडवट आवृत्ती ड्राफ्टच्या कितीतरी आधी पाहिली. डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले. कसोटी मात्र एकही नाही. कारण त्यांच्या काळात ती जागा बिशनसिंग बेदींची होती. गुण सर्वांना दिसत होता, कोणाचीही नजर चुकली नव्हती. जागाच एक होती. म्हणून ‘दुर्लक्षित’ या एका शब्दात असे सारे इतिहास कोंबणे अन्यायाचे ठरेल.

१७/ तांबे यांचे प्रकरण याहून निराळे. ते मूळचे मध्यमगती गोलंदाज. ओरिएंट शिपिंग या कार्यालयीन संघाचे कर्णधार अजय कदम यांनी त्यांना लेगस्पिनकडे वळवले. कार्यालयीन सामने, क्लब क्रिकेट, मुलुंड ते मैदान आणि परत, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. मुंबईच्या रणजी संघाचे दार मात्र उघडले नाही. ज्या शहरात पाहणारे सर्वाधिक, तेथेच हा गोलंदाज पुढच्या पायरीसाठी कोणाच्या गणतीत आला नाही.

१८/ अखेर नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्पर्धेतील गोलंदाजीमुळे ते राजस्थान रॉयल्सपर्यंत पोहोचले. राहुल द्रविडच्या नेतृत्वाखालील त्या संघाने वय न पाहता चेंडू पाहिला. २०१३ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये १२ बळींसह तांबे आघाडीवर राहिले आणि त्याच वर्षी मुंबईने त्यांना रणजी सामना दिला. २०१४ च्या आयपीएलमध्ये त्यांनी कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक घेतली. वरची पायरी आधी मिळाली, खालची नंतर!

१९/ या उदाहरणाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. जुन्या व्यवस्थेने तांबेंना निवडले नाही. पण कार्यालयीन संघाने त्यांना चाळिशीपर्यंत खेळते ठेवले. नव्या व्यवस्थेने त्यांना निवडले; पण आज विशीत असलेल्या खेळाडूला ती दोन दशके थांबू देईल काय? लिलावात पैसा आहे, वेळ नाही. टाइम्स शील्डच्या भरभराटीत वेळ होता, पैसा बेताचा होता.

२०/ म्हणून उपनगरातील मैदानांचा प्रश्न केवळ हिरवळीचा नाही. गुण हेरणारी माणसे आता अहमदाबादपासून जमशेदपूरपर्यंत फिरतात, चित्रफिती पाहतात, आकडे मांडतात. तरीही कोणाकडे पाहिले जाईल हे आधी ठरते ते तो मुलगा पंधराव्या, अठराव्या, पंचविसाव्या वर्षी खेळत टिकला की नाही यावर. एखादी फीमाफी, एखादी नोकरी, एखाद्या घरातील अंथरूण: मुंबईच्या निवडीच्या इतिहासात या गोष्टींची नोंद धावफलकाइतक्याच काळजीने व्हायला हवी.